कॅन्सरनंतरची गोळी

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनचं सगळे विचारतात, केमोचं विचारतात. त्यानंतरच्या गोळीचं कुणी विचारत नाही. लेट्रोझोल. रोज १, निदान ५ वर्षं. पाळी गेल्यावरही शरीरात थोडं इस्ट्रोजेन (बायकांचं हार्मोन) तयार होत असतं आणि माझ्या गाठीला तेच खतपाणी घालत होतं. ही गोळी ते जवळपास बंद पाडते. पण त्यापायी सांधे असे आखडतात की विचारू नका! सकाळी मूठ वळत नाही. अंगठ्यात जोर नाही, त्यामुळे लोणच्याची बरणी आणि कुकरचं झाकण नवऱ्याच्या खात्यात. "वय झालं गं आता" ऐकून कान किटलेत.

आज तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांपुढे सगळं ओकले. त्या म्हणाल्या, ही गोळी घेणाऱ्या जवळजवळ निम्म्या बायकांचे सांधे दुखतात. मनाने गोळी सोडायची नाही. फारच झालं तर मधे थोडी विश्रांती देऊन अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन ही त्याच प्रकारची दुसरी गोळी देता येते. आणि चालायचं. दुखतंय म्हणून बसून राहिलं की जास्तच आखडतं. (गुडघे दुखणाऱ्या बाईला चालायला सांगणं म्हणजे थट्टाच वाटली मला.)

तरी संध्याकाळी गेले. पहिली फेरी अक्षरशः फरफटत, शेजारच्या आजींनी मला मागे टाकलं. तिसऱ्या फेरीला गुडघे जरा मोकळे झाले, हे मात्र खरं.

लेट्रोझोलवाल्या मैत्रिणींनो, तुम्ही गोळी सकाळी घेता की रात्री?