तुम्ही विचारलंत म्हणून: लांबच्या शिकारीला रायफल कुठली?

फौजेतून रिटायर झालेला माणूस दिसला की साताऱ्यात दोन प्रश्न ठरलेले. पेन्शन किती बसली, आणि लांबवर मारायला रायफल कुठली चांगली. पहिल्याचं उत्तर मी कुणाला देत नाही. दुसऱ्याचं देतो, पण विचारणारा कोण आहे ते बघून.

चहाच्या टपरीवर मोबाईलमध्ये परदेशी शिकारीचे व्हिडिओ बघणारी पोरं विचारतात, तेव्हा उत्तर छोटं असतं. बाबांनो, आपल्याकडं १९७२ सालापासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे. पहिल्या अनुसूचीतलं जनावर मारलं किंवा कोयनेसारख्या अभयारण्यात नाहीतर चांदोलीसारख्या राष्ट्रीय उद्यानात शिकार केली, तर शिक्षा तीन वर्षांपासून सुरू होते आणि सातपर्यंत जाते. तेव्हा व्हिडिओ बघा, चहा प्या आणि घरी जा.

ऊसवाले शेतकरी विचारतात त्यांची अडचण खरी आहे. डुकरं एका रात्रीत अख्खा फड लोळवतात. पण तिथंही वनखात्याच्या परवानगीशिवाय काही करता येत नाही, आणि परवानगी मिळाली तरी लांब पल्ल्याची रायफल त्या कामाची नव्हेच. उसात डुक्कर दिसतं तेच वीस-तीस पावलांवर. रायफलीची गोळी हुकली तर तीन-चार किलोमीटर जाऊ शकते, आणि आपल्याकडं दर मळ्याला वस्ती आहे. परवान्यावर मिळणाऱ्या .३१५ मापाच्या रायफलीचंही तेच. (लष्कराच्या .३०३ चं काडतूस नागरिकांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांच्या काळापासून हे वेगळं माप चालत आलंय. जुन्या घरांतून अजून सापडतं.) उसाच्या कडेला छर्ऱ्यांची बारा बोअर बंदूकच बरी.

मग उरतो माझा भाचा. तो डेन्व्हरला असतो, कोलोरॅडोत. तिथं एल्कची शिकार कायदेशीर आहे. परवाना काढायचा, ठरलेल्या हंगामात जायचं, अंगात भगभगीत नारिंगी जाकीट घालायचं. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातीचं, पण अंगानं थोराड जनावर, नर तीनशे किलोच्या वर भरतो. भाच्याचा फोन आला तो असा: "मामा, आठशे मीटरवरून एल्क पाडेल अशी रायफल सांगा." त्याच्या मित्रांचेही तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सगळे रायफलीपासून सुरुवात करतात. दुकानात जातात, खांद्याला लावून बघतात, फोटो पाठवतात. मग तिच्यात बसेल ते काडतूस (पितळी टोपण, दारू आणि पुढं बसवलेली गोळी, असं सगळं मिळून) घेतात, आणि गोळी दुकानदार देईल ती. माझ्या मते हे उलटं आहे. जनावरापर्यंत पोचते ती गोळी. रायफल तुमच्या खांद्यावरच राहते. म्हणून आधी गोळी ठरवावी, मग ती नीट फेकणारं काडतूस, आणि सगळ्यात शेवटी रायफल.

इथं फौजी माणसाचं ज्ञान उपयोगी पडत नाही, हे आधीच सांगतो. आम्ही आयुष्यभर झाडली ती पूर्ण धातूच्या कवचाची गोळी. ती आरपार जाते, पसरत नाही. ती तशी असण्याला कारण आहे. कलकत्त्याजवळ डमडमच्या कारखान्यात इंग्रजांनी टोकाला उघडं शिसं ठेवलेली गोळी काढली होती. ती अंगात शिरली की फुलायची. तिच्यावरून बराच गदारोळ झाला आणि १८९९ च्या हेगच्या जाहीरनाम्यात अशा गोळ्या युद्धात वर्ज्य ठरल्या. शिकारीत नियम बरोबर उलटा लागतो. एल्कला पसरणारीच गोळी वापरायची, असं कोलोरॅडोचा कायदाच सांगतो, आणि तीही किमान ८५ ग्रेनची. कारण आरपार गेलेल्या बारीक भोकानं जनावर जागेवर पडत नाही, ते रानात मैलभर जाऊन तडफडून मरतं.

ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप ऐकून पोरं बिचकतात. बिचकायचं कारण नाही, आपल्या आजीला ते कळलं असतं. १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक जुना तोळा, ११.६६ ग्रॅमचा. (आता सोनार दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, तो नव्हे.) म्हणजे .३०-०६ या काडतुसाची नेहमीची मोठी गोळी तोळाभराची, आणि हल्ली ज्याचा बोलबाला आहे त्या ६.५ क्रीडमूर काडतुसाची १४३ ग्रेनची गोळी पाऊण तोळ्याहून थोडी जास्त.

आता गंमत बघा. पसरणारी गोळीसुद्धा कुठल्याही अंतरावर पसरते असं नाही. तिला वेग लागतो. बऱ्याचशा शिकारी गोळ्यांना फुलायला सेकंदाला साधारण ५५० मीटर वेग हवा. तोळाभराची साधी गोळी .३०-०६ मधून सुटली, तर चारशे-साडेचारशे मीटरवर तिचा वेग या पातळीला येतो. त्यापुढं ती सुईसारखी आरपार जाणार, म्हणजे तुम्ही परत फौजी गोळीच मारल्यासारखं. कमी वेगात फुलणाऱ्या खास गोळ्या मिळतात. पण त्या जवळून, चाळीस-पन्नास मीटरवर खांद्याच्या हाडावर बसल्या, तर काही वेळा वरच्यावर फुटतात आणि आत पोचत नाहीत. म्हणून कवच आणि शिसं एकमेकांना जोडलेली, म्हणजे बाँडेड गोळी, मला सगळ्यात भरवशाची वाटते. निव्वळ तांब्याचीही चांगली, फक्त तिला वेग जास्त लागतो, तेव्हा तिचा पल्ला कमी धरायचा. आणि कागदावर एकमेकींना चिकटून भोकं पाडणारी, स्पर्धेची मॅच बुलेट शिकारीला नकोच. ती निशाणासाठीच बनवलेली असते, अंगात काय करील त्याचा नेम नाही.

काडतुसाचं मी एवढं लांबवत नाही. हरणाला ६.५ क्रीडमूर छान. २००७ साली आलंय, खांद्याला दणका कमी, वाऱ्याला कमी हलतं. एल्कलाही चालेल, पण साडेतीनशे मीटरच्या पुढं मी ते वापरू देणार नाही, तिथं जोर कमी पडायला लागतो. एल्कसाठीच घ्यायचं तर १९०६ चं .३०-०६ किंवा १९६२ चं ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम. जुनी आहेत म्हणून नाक मुरडू नये. मोठाल्या .३०० मॅग्नमच्या नादाला मात्र बहुतेकांनी लागू नये. तिचा दणका क्रीडमूरच्या जवळजवळ दुप्पट बसतो. दोन-चार राउंड झाले की माणूस बार निघायच्या आधीच डोळे मिटतो आणि खांदा मागं घेतो. आमचे उस्ताद बेळगावला पोरांच्या मॅगझिनमध्ये गुपचूप डमी राउंड, म्हणजे दारू नसलेली खोटी काडतुसं, भरायचे. बार निघत नाही आणि नळी मात्र खाली झुकते, हे सगळ्या सेक्शनला दिसायचं. मग पुढं काय व्हायचं ते लिहीत नाही.

आता वारा. ह्याच्यावर मी कितीही बोलू शकतो, कारण बाकी सगळं तक्त्यात सापडतं, वारा सापडत नाही. .३०८ मापाची रायफल शंभर मीटरला झिरो केली, म्हणजे तिथं नेम आणि गोळी एकाच जागी बसवली, तर पाचशे मीटरवर गोळी दीड-दोन मीटर खाली पडते. ऐकायला भयंकर वाटतं, पण ती रोज तेवढीच पडते, स्कोपचे, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीचे, क्लिक मोजून फिरवले की झालं. वाऱ्याचं तसं नाही. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे झेंडा नीट फडफडायला लागतो एवढाच, तीच गोळी पाचशे मीटरवर अर्ध्या मीटरहून जास्त बाजूला नेतो. क्रीडमूरची चाळीसेक सेंटिमीटर. म्हणजे छातीवर धरलेला नेम पोटात जातो.

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली उभं राहून बघा. वर पाती गरागरा फिरत असतात, पायाखालचं गवत एका दिशेला झुकलेलं असतं, आणि कड्याच्या टोकाला जाऊन चिमूटभर माती सोडली तर ती चक्क वर उडून तोंडावर येते. तिन्ही वारे एकाच वेळचे, शंभर-दोनशे मीटरच्या आतले. कोलोरॅडोच्या डोंगरात याहून वेगळं काही नसतं. तुमच्या हातातलं वाऱ्याचं यंत्र तुमच्या कानाजवळचा वारा सांगतं. मधल्या घळीतला वारा गवतावरून, झाडाच्या शेंड्यावरून, स्कोपमध्ये थरथरणाऱ्या मृगजळावरून वाचावा लागतो, आणि ते वर्षानुवर्षं रेंजवर बसल्याशिवाय येत नाही.

त्यात वेळेचा हिशेब राहिलाच. पाचशे मीटर जायला गोळीला पाऊण सेकंद लागतो. चरणारं जनावर तेवढ्यात एक पाऊल पुढं टाकतं. बार निघून गेलेला असतो, तेव्हा ना रायफल काही करू शकते ना तुम्ही.

चढ-उताराचंही ध्यानात ठेवावं. अजिंक्यताऱ्यावरून खाली शहरात बघताना सरळ रेषेत पाचशे मीटर दिसलं आणि उतार तीस अंशांचा असला, तर गोळीच्या पडण्यासाठी मोजायचं आडवं अंतर, ते ४३३ मीटरच. पाचशेचे क्लिक फिरवले तर गोळी पाठीवरून निघून जाईल. हल्लीच्या लेझर दुर्बिणी हे गणित स्वतःच करतात, मिळाली तर तशीच घ्यावी. शिवाय कंपन्यांचे तक्ते बहुधा समुद्रसपाटीचे असतात. डेन्व्हरच मुळात १६०० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर, आणि एल्क त्याच्याही वर राहतो. हवा विरळ, म्हणून गोळी तक्त्यापेक्षा कमी पडते. तेव्हा तक्ता घरी ठेवून त्याच उंचीवर जाऊन झाडून बघायचं.

एवढं झाल्यावर रायफल. खरं सांगू, आज कुठल्याही नावाजलेल्या कंपनीची बोल्टची रायफल माणसापेक्षा जास्त अचूक असते. दस्ता आपल्या खांद्याला आणि गालाला बसतो का, चाप अडखळत नाही ना, हे बघावं. नळीतल्या आट्यांचा फेरा गोळीला जुळतो का, तेही विचारून घ्यावं, कारण लांबट गोळीला फिरकी जास्त लागते. क्रीडमूरला दर ८ इंचांत एक फेरा असतो तो त्यासाठीच. फार हलकी घेऊ नये, दणका वाढतो. फार जड घेतली तर तीन हजार मीटर उंचीवर चढताना तीच रायफल आईबापाची आठवण करून देते. वाचलेले पैसे स्कोपवर आणि काडतुसांवर घालावेत.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं आणि वर एक परीक्षा दिली. हरणाचं वर्म वीतभर, एल्कचं फुटापेक्षा थोडं मोठं. एल्कच मारायचा असला तरी निशाण वीतभराचंच धरायचं, कारण डोंगरात छाती धपापत असते. वीतभराची कागदी थाळी लावायची. टेबल-खुर्ची नाही. शंभर पावलं पळत जायचं, पाठपिशवीवर रायफल टेकवायची आणि एकच गोळी झाडायची. थंड नळीतली. दुसऱ्या दिवशी परत एक. पाच वेगवेगळ्या दिवशी पाचही थाळीत बसल्या की अंतर वाढवायचं. एक जरी बाहेर गेली, तर मागच्या अंतरावर थांबायचं. ते तुझं अंतर, मग रायफलीच्या डब्यावर काहीही छापलेलं असो.

त्यानं .३०-०६ घेतली, जुनी, कुणा म्हाताऱ्या शिकाऱ्याकडून, आणि बाँडेड १८० ग्रेन. परीक्षा इमानदारीनं दिली, हे त्याचं कौतुक. त्याचं अंतर २६० मीटर निघालं. दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. मी म्हटलं, आठशेमधले पाचशे चाळीस मीटर तुला पायांनी कापायचे आहेत, वाऱ्याच्या उलट्या अंगानं, वाकून, जनावराला न कळता. ह्यालाच शिकार म्हणतात, बाकीचं रेंजवर करावं.

परवा फोन आला तेव्हा रायफलीचं नाव नव्हतं. बर्फाळ चढावर पाय घसरू नयेत म्हणून बूट कुठले घ्यावेत, ते विचारत होता.