खिशातले दोन किलो

फाकडिंग, रात्रीचे साडेआठ.

सगळे झोपले आहेत. फळ्यांच्या भिंतीपलीकडे कोणीतरी घोरते आहे, खाली दूधकोशी नदीचा आवाज एकसारखा चालू आहे आणि मी स्लीपिंग बॅगमध्ये बसून डोक्यावरच्या बॅटरीच्या उजेडात लिहिते आहे. ज्या दिवसाची दीड वर्ष वाट पाहिली, तो आजचा दिवस. आणि लिहायला बसले तर मनात हिमालय नाही, डिंकाचे लाडू आहेत.

हंगामात एव्हरेस्टच्या वाटेवरच्या लुक्लाची बरीचशी विमाने आता काठमांडूहून सुटत नाहीत, म्हणून आम्ही रात्री दोनला निघून रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीला पोचलो. विमान लहान, त्यामुळे माणशी सामान १५ किलो, तेही हातातले धरून. घरच्या काट्यावर माझे साडेचौदा भरले होते. पण त्यानंतर वहिनीने लाडवांची पिशवी हातात ठेवली आणि यांची दुर्बीण मागे ठेवून येण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा रांगेत उभी असतानाच मी लाडवांची पिशवी जाकिटाच्या आतल्या खिशात कोंबली, दुर्बीण जाकिटाखाली गळ्यात अडकवली, पॉवर बँक पँटच्या खिशात घातली आणि गरोदर बाईच्या चालीने काट्यापर्यंत गेले. सामान काट्यावर बरोबर उतरले. एकतीस वर्षे परीक्षेच्या वर्गात फिरून मुलींच्या ओढणीच्या टोकातून चिठ्ठ्या काढणारी मी, मला त्या क्षणी लाज नाही वाटली, गंमत वाटली.

लाज वाटली ती लुक्लाला. तिथली धावपट्टी ५२७ मीटरची आणि चढाची; विमान डोंगराच्या दिशेने चढावर उतरते आणि थांबेपर्यंत कोणी बोलत नाही. उतरल्यावर लॉजच्या अंगणात चहा झाला, मोठ्या बॅगा एका बाजूला मांडायला सांगितल्या आणि मी खिसे रिकामे करून सगळे माझ्या मोठ्या बॅगेत भरले. इथून पुढे काटा नव्हता. इथून पुढे होता तो एक मुलगा.

आयोजकांच्या पत्रकात ‘दोन प्रवाशांमागे एक पोर्टर’ एवढेच छापलेले होते. तो एक म्हणजे हा; आमच्या धाकट्याहून लहान असावा. त्याने माझी बॅग खाली आणि दुसरी वर ठेवून दोरीने बांधली, नाम्लोचा रुंद पट्टा कपाळावर घेतला, पाठ लावून खाली बसला आणि मग एक हात जमिनीवर टेकून उठला. उठताना मध्येच, अर्ध्यावर, तो एक क्षणभर थांबला. ओझ्याचा अंदाज घेत असावा. मग सोबत्याकडे पाहून ‘गह्रौं’ म्हणाला आणि हसला. अर्थ गाइडला विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारला. जड.

कदाचित तो वरच्या बॅगेबद्दल बोलला असेल.

तिथून चालायला लागलो. पासांग ल्हामूच्या नावाची कमान ओलांडताना सगळ्यांनी फोटो काढून घेतले. १९९३ साली एव्हरेस्टवर पोचलेली ती पहिली नेपाळी स्त्री, उतरताना गेली. आणि कमानीनंतर वाट चक्क उतरू लागली. लुक्ला २८६० मीटरवर, फाकडिंग २६१० वर. एव्हरेस्टकडे जाणारी वाट पहिल्या दिवशी माणसाला खाली नेते. गुडघ्यांनी निषेध नोंदवला, पण त्यांचे रडगाणे आज नको. आज पाठीबद्दल लिहायचे आहे. पाठीवर पाणी, रेनकोट आणि औषधांची डबी एवढीच छोटी सॅक होती आणि त्या हलकेपणाने मला धड चालता येईना. रतनगडहून कात्राबाईची खिंड चढून हरिश्चंद्रगडावर गेलो होतो त्या वर्षी तांदूळ, पातेले आणि दोराचा वेटोळा माझ्याच पाठीवर होता. सह्याद्रीत आमचा नियम एकच होता: ज्याची सॅक, त्याची पाठ. कोणाला ताप आला तरच दुसऱ्याने घ्यायची, आणि ज्याची घेतली गेली तो माणूस रात्री शेकोटीपाशी गप्प बसायचा. आज मी तशी गप्प होते.

पुतण्याला हे सांगितले, तर त्याने चालता चालता व्याख्यान दिले. २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अभ्यास आला होता, याच वाटेने नामचेच्या बाजाराला माल नेणाऱ्या पुरुषांच्या पाठीवरचे ओझे सरासरी त्यांच्या वजनाच्या ९३ टक्के भरले होते, तेव्हा काकू, तुमचे दोन किलो म्हणजे किस झाड की पत्ती. माहिती खरी असेल. समोरच एक जण प्लायवूडचे तक्ते घेऊन चढत होता, मागून त्याची फक्त पावले दिसत होती. पण हे सांत्वन मला पटत नाही. दुसऱ्याला त्याहून जड आहे म्हणून माझे हलके होत नाही. शिवाय प्लायवूडवाल्याला आपण प्लायवूड नेतो आहोत हे ठाऊक तरी आहे.

ठाडोकोशीच्या पुलावर ढग बाजूला झाले आणि वर कुसुम कांगरू शिखर दिसले. आमच्यातले कोणीतरी पुणेरी दम लावून ओरडले, ‘काय भारी!’ आणि पुढे गेलेला तो मुलगा थबकला, वळला आणि हात मागे नेऊन त्याने दोन्ही बॅगा चाचपल्या. नेपाळीत भारी म्हणजे पाठीवरचे ओझे. ते वाहणारा तो भरिया. कोणाला काय झाले ते कळले नाही. मला कळले आणि मी शिखराकडे पाहिलेच नाही. दुर्बीण तर त्याच्याच पाठीवर होती.

त्यात ‘आमा’ची भर. आमच्यातल्या सगळ्या बायकांना तो ‘दिदी’ म्हणतो. माझ्याहून वर्षाने मोठ्या आहेत त्यांनाही, कारण त्या केस रंगवतात. मला ‘आमा’. घाट नावाच्या गावात (घाट म्हणजे चढ असणार म्हणून मी धास्तावले होते, तर तो नदीकाठ निघाला) मणिशिळा उजव्या हाताला ठेवून जायचे असते, तिथे त्याने मला ‘आमा, इधर से’ म्हणून वळवले. त्या एका शब्दाने मी दुपारभर स्वतःची कीव करत चालले. गुडघे गेले, सॅक गेली, हे नाहीत, आणि आता हा मुलगा मला आई म्हणतो आणि मी त्याच्या पाठीवर चोरून लाडू ठेवते.

इथे पोचल्यावर मात्र राहवेना. तो कपाळावरचा पट्टा काढून पायरीवर बसला होता; पट्ट्याच्या जागी लाल वळ उठला होता, दोन बोटे रुंदीचा. मी बॅग उघडली, लाडू त्याच्यापुढे धरले आणि मोडक्या हिंदीत कबुली दिली, की हे विमानतळावर खिशात होते, नंतर बॅगेत घातले. त्याने एक लाडू खाल्ला, एक वरच्या खिशात ठेवला आणि अत्यंत शांतपणे म्हणाला, ‘आमा, सब का पॉकेट में था.’ मग बोटांवर मोजत हिशेब दिला: लुक्लाच्या अंगणात कोणाच्या खिशातून कॅमेऱ्याच्या लेन्सा निघाल्या, कोणाच्या खिशातून चकल्या, आणि ज्या वहिनी उद्या उपास आहे म्हणून आज भात नको म्हणाल्या, त्यांच्याकडून शेंगदाण्याची अख्खी पिशवी. तो रोज बघतो. ‘गह्रौं’ तो प्रत्येक गटाबद्दल म्हणतो.

मला दिवसभर वाटत होते, की मी काहीतरी एकटीने केले आहे.

जेवताना लाडू सगळ्यांत फिरवले. सहा उरले. उद्या नामचे, ३४४० मीटर, म्हणजे ८३० मीटरचा निव्वळ चढ. बॅगा साडेसहाला दाराबाहेर ठेवायच्या आहेत. दुर्बीण आणि पॉवर बँक काढून माझ्या छोट्या सॅकमध्ये घातली आणि आत्ता मोठी बॅग एका हाताने उचलून पाहिली. मला फरक कळला नाही. सकाळी तो अर्ध्यावर थांबतो का, ते बघणार आहे.