मग यात तुमचं काय?

शनिवारपासून एकच वाक्य मागे लागलंय. जेवताना, कंपनीत ड्रॉइंग तपासताना, गाडीला किक मारताना. "मग यात तुमचं काय?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं, निदान रागावता तरी येतं. तिने अगदी साधेपणाने विचारलं. पुण्याची गिऱ्हाईक, मी घडवलेली सुरी न्यायला एवढ्या लांब आली (कुरिअरवाले पातं म्हटलं की हात वर करतात), म्यानातून काढली, दारातल्या उजेडात धरली, दोन्ही अंगांनी बघितली आणि म्हणाली, "नाव कुठाय तुमचं? छाप नाही मारत?" नाही मारत, म्हटलं. का नाही, तर मग मी सुरू झालो. हे टोक खाली उतरलंय ना, ते लव्हलेसचं, अमेरिकेतले सुऱ्या घडवणारे. पातं मुठीत शिरल्यावर मागे निमुळतं होत जातं, तेही त्यांचंच. पाणी द्यायची, म्हणजे तापलेलं पातं बुडवून कडक करायची, नजर कोयते करणाऱ्या आबांची, पण तेल आणि तापमानाचा हिशेब काकांचा. मुठीच्या शेवटची गाठ, म्हणजे बोंड, कोयत्याचं. म्यानाचं चामडं चपलांचं, बाभळीच्या सालीत कमावलेलं. बोलतच सुटलो. असं ऐकून घेणारं माणूस रोज कुठे भेटतं? आमच्या घरी पातं हा शब्द काढला की टीव्हीचा आवाज वाढतो.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग ते वाक्य. शेवटी "दादा" लावून. पैसे दिले, चहा घेतला, गेली. खूश होऊन गेली, हेही लिहून ठेवतो, नाहीतर पुढे वाचताना वाटायचं की काहीतरी बिनसलं होतं. काहीच बिनसलं नव्हतं. सुरी चांगली झालीये. माझी आजवरची सगळ्यात चांगली.

तरी संध्याकाळभर शेडमध्ये नुसता बसून राहिलो. ग्राइंडर लावला नाही. दिवसभर एमआयडीसीत लोखंड, घरी येऊन पुन्हा लोखंड, सणवार नाही, रविवार नाही, हाताला भाजल्याच्या खुणा, शर्टांना भोकं. आणि एवढं करून हातात काय, तर दुसऱ्यांच्या गोष्टींची जुळवाजुळव. गोधडी शिवणारी बाई तरी टाक्यांत आपलं काहीतरी सोडते. मी काय सोडलं?

लव्हलेस २०१० साली गेले. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला त्यांचं वर्कशॉप. माझी त्यांची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. मी शिकलो ते फोटो बघून. कंपनीच्या प्लॉटरवर एकास एक मापात प्रिंट काढायची, भिंतीला चिकटवायची, आणि जाता-येता त्या पाठीच्या रेषेवरून बोट फिरवायचं. त्यांची ती ड्रॉप पॉइंट सुरी शिकाऱ्यांसाठी केलेली. पाठ टोकाकडे हळूच खाली उतरते, म्हणून जनावर सोलताना टोक आतड्यात घुसत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या देशात जन्मलेला मी. ज्या कामासाठी तो आकार घडला ते काम डोळ्यांनी पाहिलेलं नाही, आणि त्याच आकारावर जीव टाकून बसलोय. पण हातात घेतली की कळतं. टोक जवळपास मधल्या रेषेवर येतं, त्याच्या मागे पाठीची जाडी असते, त्यामुळे ते सहजी मोडत नाही. दोरी कापा, काटकी सोला, कांदा चिरा, टोक नेमकं कुठे आहे हे न बघता कळतं. ही रेषा त्यांनी काढली. मी गिरवली.

आबांचं वेगळं. आबा आहेत, नदीकाठच्या गावात, ऊसतोडीचे कोयते करतात. (पुण्याकडच्या लोकांपुढे हल्ली कोयता हा शब्द जपून काढावा लागतो. ते वेगळंच समजतात.) ट्रकच्या कमानीचा पाटा भंगारातून किलोवर आणायचा, तापवून सरळ करायचा, छिन्नीने तोडायचा आणि घणाखाली घालायचा. भात्याच्या जागी आता ब्लोअर आलाय, पण म्हणतात भाताच. मला त्यांच्याकडून मिळालं ते पाणी देणं. कोयता आख्खा बुडवत नाहीत. फक्त धारेकडचा बोटभर भाग पाण्यात, पाठ बाहेर. चर्र आवाज विरला की बाहेर काढायचा, विटेच्या तुकड्याने धार घासून पांढरी करायची आणि सावलीत धरून बघत राहायचं. पाठीत अजून धग असते. ती धारेकडे उतरायला लागते तसे त्या पांढऱ्या पट्टीवर रंग चालायला लागतात. आधी फिकट पिवळा, आबा त्याला कडबा म्हणतात. मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. सुरी असेल तर कडब्यावर थांबायचं, लगेच पुन्हा पाण्यात. कोयत्याला थोडं पुढे जाऊ द्यायचं, कारण तो उसाच्या बुडख्यावर बसतो, फार कडक राहिला तर धारेचा तुकडा पडतो. सगळा खेळ काही क्षणांचा. त्या वेळात आबा कुणाशी बोलत नाहीत, आणि बाकी दिवसभर गप्प बसत नाहीत.

मी पहिल्यांदा नुसता बघत होतो. बरेच दिवस नुसतं बघू दिलं. मग एकदा सांडशी माझ्या हातात दिली आणि स्वतः तंबाखू मळत बसले. रंग जांभळ्यापर्यंत गेला. काही म्हणाले नाहीत. पाटा परत भट्टीत सरकवला.

काकांना हे रंगाबिंगाचं प्रकरण मान्य नव्हतं. आमच्या कंपनीतल्या हीट ट्रीटमेंटमध्ये हयात गेलेली. त्यांनी मला जुन्या स्पीकरमधलं चुंबक दिलं. लोखंड तापत तापत ७७० अंशांच्या आसपास गेलं की चुंबकाला ओळख दाखवत नाही. तिथून अजून थोडं वर न्यायचं आणि मग तेलात. पाण्यात नाही, तेलात. कमानीच्या पोलादात ०.६ टक्क्याच्या आसपास कार्बन, बारीक पातं आख्खं पाण्यात घातलं की तडा जायची भीती. मग धारेवर कानस फिरवून बघायची: घासली गेली तर पातं मऊ, नुसती सरकली तर झालं. त्यानंतर २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. हे आमच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये होतं. केक त्यात क्वचितच झाला असेल, पाती मात्र भरपूर भाजली गेलीत. कडकपणाच्या मापात काकांचा आकडा रॉकवेल ५८. त्याच्या पुढे-मागे एक चालेल, दोन नाही.

मी हे तेलाचं आबांना सांगितलं तर म्हणाले, "भजी तळायची हायती का?" आणि आबा नुसत्या डोळ्यांनी कडबा ओळखतात हे काकांना सांगितलं तर काका चष्मा पुसत बसले. दोघांची भेट कधी झाली नाही. मीच इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करत राहिलो. एकदा घडवून आणायची होती. आता काका... तो विषय आज नको.

तर यात माझं काय?

रविवारी रात्री झोप येईना म्हणून लव्हलेसचीच जुनी गोष्ट पुन्हा आठवत बसलो. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हा माणूस व्यापारी जहाजावर खलाशी. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात रँडॉलची सुरी मागायला गेला तर म्हणाले, नऊ महिने थांबा. थांबला नाही. भंगारवाल्याकडून १९३७च्या पॅकार्ड गाडीच्या कमानीचा पाटा आणला, जहाजावरच्या मुदपाकखान्यातल्या शेगडीवर तापवला आणि स्वतःची सुरी केली. म्हणजे आमच्या परमपूज्यांचं पहिलं पातंही कमानीचंच, भंगारातलंच, आणि तेही दुसऱ्याची सुरी मिळेना म्हणून केलेलं!

बरं, तो रँडॉल तरी? फ्लोरिडातला. मिशिगनच्या एका तळ्याकाठी कुणीतरी सुरीने होडीचा रंग खरवडताना त्याने पाहिलं. एवढं करूनही धारेला काही झालं नव्हतं. ती सुरी बिल स्केगल नावाच्या माणसाची. रँडॉलने ती पाहिली आणि तो स्वतः करायला बसला. आणि स्केगल बसलेला मिशिगनमध्येच आपल्या वर्कशॉपात, भंगारातून यंत्रं उभी करून. त्याने कुणाचं बघितलं असेल? कुणाचं तरी बघितलंच असणार. त्याच्या मागेही एखादा आबा असणार, तंबाखू मळत बसलेला.

हे आठवून हसू आलं, झोपही आली. तरी समाधान झालं म्हणणार नाही. कारण लव्हलेसच्या पात्यावर लव्हलेसचं नाव असायचं. गावासकट. तो म्हणत नव्हता की टोक अमक्याचं आणि धार तमक्याची. छाप मारायचा आणि मोकळा व्हायचा. मला ते का जमत नाही? नम्रता म्हणावी तर तेवढा मी नम्र नाही, घरी विचारा. बहुतेक भीती आहे. नाव टाकलं की उद्या पातं वाकलं तरी माझं, तडकलं तरी माझं. नाव नसलं की लव्हलेस आहेत, आबा आहेत, काका... लपायला जागा पुष्कळ. असं असेल का? माहीत नाही. असेलही.

सोमवारी सुट्टी टाकून आबांकडे गेलो. कारण सांगितलं कोळसा हवाय. मग हळूच काढला विषय. एक पोरगी आली होती, असं असं म्हणाली. आबांनी ऐकलं की नाही कळलं नाही, ते विळ्याची शेंबी बसवत होते. ठोकून झाल्यावर म्हणाले, "तुजं? लाईट बिल तुजंच की." आणि आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. शेजारी नातू बसला होता, मोबाइलमधून मान वर न करता तोही हसला.

मी बरोबर नेलेला सुरीचा फोटो दाखवला. आबांनी मोबाइल लांब धरला, डोळे बारीक केले. पात्याकडे लक्ष नाही. मुठीकडे बघून म्हणाले, "बोंड पुढं का आणलंयस?"

म्हटलं, आबा, तिचा हात लहान आहे. मी ऑर्डर घेतानाच कागदावर हात ठेवून, भोवती पेन फिरवून, शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो मागवतो. शिवाय कोयता मारताना मूठ मागे धरतो आपण, घाम आला तरी बोंडामुळे सुटत नाही. सुरी मारायची नसते, ती फिरवायची असते, अंगठा पाठीवर येतो आणि पंजा पुढे सरकतो. बोंड शेवटाला ठेवलं तर करंगळी नुसती हवेत राहील. म्हणून अर्धं बोट पुढे घेतलं, आणि खालून थोडं चपटं केलं, जमिनीवर ठेवली तर लोळू नये म्हणून.

"हं," म्हणाले. मोबाइल परत दिला. आवडलं की नाही, काही पत्ता नाही. कोळशाचे पैसे मात्र नेहमीपेक्षा जास्त घेतले.

आज पुढच्या ऑर्डरचा मेसेज आलाय. नाशिकचे एक जण. शनिवारच्या सुरीचा फोटो त्यांना कुठून तरी पोचलाय, अगदी तशीच हवी म्हणतात. सव्वाचार इंची पातं, शिसवाची मूठ, पितळी खिळे, सगळं तसंच. फक्त ते मागचं बोंड नको, बघायला बरं दिसत नाही, सरळ करून द्या. जास्तीचे पैसे देतो म्हणतात.

लाकूड कुठलं घ्या, खिळे तांब्याचे घ्या, पातं अर्धा इंच वाढवा, सगळ्याला आजवर हो म्हणत आलोय. गिऱ्हाइकाशी वाद घालणारा मी नव्हे. त्यांना उत्तर टाकलंय: बोंड निघणार नाही. सरळ मुठीच्या सुऱ्या बाजारात चिक्कार मिळतात, स्वस्तही पडतील. हाताचा फोटो पाठवणार असाल तर काम सुरू करतो.

दोन निळ्या टिका दिसतायत. उत्तर नाही अजून. आमची ही कंपनीतून येऊन वाचेल तेव्हा म्हणेल, गिऱ्हाईक घालवलंस. घालवलं तर घालवलं.