काकूंचं नाव कुठं लिहायचं?

कंप्युटरच्या पडद्यावरच्या खिडक्या-मेन्यू सांभाळणाऱ्या ग्नोम या मुक्त सॉफ्टवेअरच्या एका छोट्या प्रोग्रॅमचं मराठी भाषांतर आम्ही तिघांनी केलं: मी, शेजारचा इंजिनिअरिंगचा पोरगा आणि नागपूरच्या महाल भागातल्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या काकू. काकूंनी कंप्युटरला हात लावला नाही. आम्ही प्रिंट काढून द्यायचो, त्या कुलरसमोर बसून लाल पेनानं वाक्यं सुधारायच्या, पोरगा टाइप करायचा. निम्म्याहून जास्त ओळी त्यांच्यामुळे बदलल्या. मग नावं लिहायची वेळ आली आणि खरं डोकं तिथेच गेलं.

मूळ वाक्यं आणि त्यांची भाषांतरं ज्यात असतात त्या पीओ फाइलच्या सुरुवातीला 'लास्ट-ट्रान्सलेटर' असा रकाना असतो. त्यात शेवटी हात फिरवणारा एकच माणूस मावतो. कोणी वर्षानुवर्षं राबलेलं असो, परवा दोन ओळी बदलणाऱ्याचं नाव तिथे चढतं. जुनी नावं टिकतात ती त्याच्याही वरच्या टिपणाच्या ओळींत: नाव, ईमेल, वर्ष. आधीच्या लोकांच्या ओळी होत्या तशाच ठेवून आम्ही खाली आमच्या जोडल्या.

पण ही फाइल उघडून बघतो कोण? वापरणाऱ्याला दिसते ती प्रोग्रॅमची माहिती देणारी खिडकी. तिच्यासाठी 'ट्रान्सलेटर-क्रेडिट्स' अशी एक ओळ भाषांतराला येते. तिचं भाषांतर करायचं नसतं, तिच्या जागी माणसांची नावं लिहायची असतात. ती तशीच सोडली, तर खिडकीत भाषांतर करणाऱ्यांचा पत्ताच नसतो. माझ्या मते सगळ्यात मोलाची ओळ हीच, आणि घाईत सुटते तीही हीच.

पुढची अडचण गिटची, म्हणजे फाइलींत कोणी काय बदललं याचा हिशोब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची. गिट बदल करणारा आणि तो प्रकल्पाच्या सामाईक भांडारात चढवणारा यांची नोंद वेगवेगळी ठेवतं, हे चांगलंच आहे. पण करणारा एकच धरतं. बाकीच्यांसाठी बदलासोबत लिहायच्या संदेशाच्या शेवटी 'को-ऑथर्ड-बाय' लिहायची पद्धत आहे, त्यात नावापुढे ईमेल लागतो. काकूंना ईमेल नाही. पोरगा म्हणाला, "बनवून टाकू ना एखादा!" मला ते पटलं नाही. ज्या पत्त्यावर काकूंना कोणी गाठूच शकत नाही, तो त्यांच्या नावापुढे कशाला? शेवटी संदेशातच साध्या वाक्यात लिहिलं की मराठी वाक्यांची तपासणी आणि दुरुस्ती यांनी केली.

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे यंत्र आणि प्रोग्रॅम यांना जोडणाऱ्या गाभ्याच्या प्रकल्पात, कोड न लिहिणाऱ्यांचीही कदर आहे. चूक कळवणारा, चाचणी घेणारा, कल्पना सुचवणारा, प्रत्येकासाठी वेगळी ओळ. कल्पना चारचौघांत मांडलेली नसेल, तर सुचवणाऱ्याचं नाव त्याला विचारल्याशिवाय टाकू नये, असंही तिथल्या नियमांत आहे. म्हणून काकूंना विचारायला गेलो.

"माझं नाव कायले टाकून राहिला बापा? मी काय केलं?"

मग त्यांना ग्नूची गोष्ट सांगितली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रकल्प जाहीर केला, कंपायलरपासून शेलपर्यंत बरंच काही तयार झालं, पण कर्नल रखडलं. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचं कर्नल आलं, दोन्ही एकत्र नांदू लागले आणि लोक सगळ्यालाच लिनक्स म्हणू लागले. स्टॉलमन गेली अनेक वर्षं 'ग्नू/लिनक्स' म्हणा म्हणून सांगत आलेत. (मी लिहिताना तसं लिहितो. बर्डीवरच्या दुकानात मात्र लिनक्सच म्हणतो, नाहीतर दुकानदार तोंडाकडे बघत राहतो.)

काकू ऐकून म्हणाल्या, "मंग बरोबरच आहे त्याचं." आणि थोड्या वेळानं, "लिहायचं तर पूर्ण नाव लिही. नुसतं काकू नको." पोरानं मात्र स्वतःचं टोपणनावच दिलं. त्याची मर्जी.

फाइल तपासून पुढे गेली. ग्नोमची आवृत्ती मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते, त्यामुळे माझ्या लॅपटॉपवर नावं लवकर दिसतील. काकू जातात त्या वाचनालयात डेबियन या ग्नू/लिनक्सच्या एका प्रकाराची स्थिर आवृत्ती आहे, ती साधारण दोन वर्षांनी बदलते. तोवर त्यांना माझ्याकडेच यावं लागेल.