बारा घाटांचं पाणी

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, त्यांनी एकवीस देश केलेत. 'केलेत' हा त्यांचाच शब्द. स्वित्झर्लंड केलं, व्हिएतनाम केलं, आता दिवाळीत जपान करायचंय. आपण अष्टविनायक 'करतो', चारधाम 'करतो', तेव्हा क्रियापदाला नावं ठेवायला मला तोंड नाही. त्यांच्या हॉलमध्ये जगाचा मोठा नकाशा आहे आणि जाऊन आलेल्या प्रत्येक देशात एक लाल टाचणी. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले, तर चहा होईपर्यंत त्यांनी मला नकाशासमोर उभं केलं आणि सहज विचारलं, "तुमचे किती झाले?"

माझा पासपोर्ट आहे, पण तो पत्त्याचा पुरावा म्हणूनच बाहेर निघतो. काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेले, "देश नाही हो, पण घाट झालेत बरेच."

"बनारसचे?"

"नाही, आपले. कुंभार्ली, आंबेनळी वगैरे."

काकांनी साखर किती घालू ते विचारलं.

घरी येऊन हे आईला सांगितलं. आई ब्याऐंशीची. गुडघे थकलेत, जीभ नाही. "एवढी ऐट केलीस, तर बारा घाटांचं पाणी प्यायलीस का ते मोज एकदा," म्हणाली. म्हणीतला घाट नदीचा, पायऱ्यांचा असणार. मी कराडची, कृष्णा-कोयनेच्या संगमावर वाढलेली, त्यामुळे तोही घाट मला परका नाही. पण मोजायला घेतले ते डोंगरातले. आईनं अट घातली की नुसतं गाडीतून गेलेलं चालणार नाही. तिथं पाणी प्यायलेलं असलं पाहिजे.

पहिला कुंभार्ली, त्यात वाद नाही. माझं आजोळ चिपळूणचं. शाळेचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सकाळची कराड-चिपळूण एसटी. पाटण येईपर्यंत मी शहाण्यासारखी खिडकीबाहेर बघत बसायची. कोयनानगरला ड्रायव्हर चहाला उतरला की आईची पिशवी उघडायची: अर्धं कापलेलं लिंबू हुंगायला, आवळासुपारी चघळायला आणि जुनं वर्तमानपत्र पोटाशी धरायला. वर्तमानपत्रानं गाडी लागायची थांबते यावर आमच्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धा आहे. मला तरीही लागायचीच. मग स्टँडवरच्या नळाचं गार पाणी तोंडावर मारून आई म्हणायची, "आता घाट. डोळे मिट."

मी डोळे मिटायची नाही. ती डोंगराची कड यायची, जिथं देश संपतो. संपतो म्हणजे हळूहळू उतरत नाही, कुणी पोळी कापावी तसा तुटतो. बसचं नाक खाली वळायचं आणि अचानक पुढच्या काचेत जमीनच नसायची, नुसती निळसर पोकळी, तिच्या तळाशी कोकण. ड्रायव्हर खालचा गिअर टाकायचा, बस कण्हत कण्हत वळायची, कानांत दडे बसायचे आणि आवंढा गिळला की फट्‌कन मोकळे व्हायचे. चौथ्या-पाचव्या वळणाला हवा बदललेली कळायची. वर कोरडी, ओठ फोडणारी; खाली चिकट, ओली, आंब्याफणसाचा वास असलेली. माती तांबडी व्हायची. वर ज्वारीची भाकरी खाऊन निघालेलो आम्ही दुपारी तांदळाच्या भाकरीवर बसायचो, आणि मधे गेलेले असायचे जेमतेम साडेतीन तास.

आणि आई बदलायची. कराडात ती मोठी सून होती, डोक्यावर पदर, आवाज खालच्या पट्टीत. घाट उतरून पोफळी आली की पदर खांद्यावर यायचा. शेजारच्या बाईशी ती "काय गो, खंयच्या तुम्ही?" अशा भाषेत सुरू व्हायची, जी कराडच्या घरात मी कधी ऐकली नव्हती. परतीला हाच खेळ उलटा. घाटमाथ्यावर बस आली की ती पदर सारखा करायची, कुणी सांगितलेलं नसताना.

पुढे भूगोलात शिकले की आमच्याबरोबर कोयनाही घाट उतरत होती. धरणात अडवलेलं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्यानं पश्चिमेला नेतात, पोफळीला भूमिगत वीजघरात सोडतात आणि मग ते वाशिष्ठीला मिळतं. म्हणजे जे पाणी आमच्या कराडच्या संगमावरून कृष्णेत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळालं असतं, ते चिपळूणवरून अरबी समुद्रात जातं. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माहेराला जातंय, जाऊ दे."

दुसरा बोरघाट. नोकरीला मुंबईत लागले आणि दर पंधरवड्याला पुण्याला मामेबहिणीकडे. कर्जतला गाडी थांबायची ती मागून ढकलणारी जादा इंजिनं जोडायला. हे बँकर जोडल्याशिवाय गाडी वर जायची नाही, कारण सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा तिथला चढ आहे. आगगाडीच्या हिशेबानं ही जवळजवळ भिंतच. आम्हाला इंजिनाशी देणंघेणं नव्हतं. जोडायच्या त्या दोन मिनिटांत वडापाव मिळवणं हा खरा पराक्रम. हा लोहमार्ग 1863 साली सुरू झाला. बांधताना ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, तो ठेका स्वतःच्या नावावर घेऊन काम चालू ठेवलं. परक्या देशात, 1859 मध्ये, साथीच्या रोगांनी मजूर पटापट मरत असताना. बोगद्यामागून बोगदा येत राहतो, डबा अंधारतो, पोरं किंचाळतात. मला दर वेळी त्या बाईची आठवण येते आणि त्या नाव न राहिलेल्या मजुरांचीही. नाव एकाचं मात्र राहिलंय, शिंग्रोबाचं. साहेबाला घाटाची वाट या धनगरानं दाखवली असं सांगतात. त्याचं देऊळ हायवेला आहे आणि आजही ट्रकवाले वेग कमी करून नाणं टाकतात.

त्याच घाटात 1830 सालचा दगडी पूल होता. त्यावर डोकेदुखीच्या बामची जाहिरात होती, म्हणून त्याचं नावच अमृतांजन पूल पडलं. बांधणाऱ्याचं नाव पुसलं गेलं आणि बामचं राहिलं, याचं मला हसू यायचं. मळमळत घाट चढणाऱ्याला त्याहून समर्पक नाव नसतंच. एप्रिल 2020 मध्ये, रस्ते ओस पडले होते त्या दिवसांत, तो स्फोटानं पाडला. वाहतुकीला अडथळा होता, खरं आहे. पण हे वाचल्यावर मला गावचा वाडा पाडल्यासारखं वाटलं होतं.

तिसरा खंबाटकी. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना घाट चढायचा आणि येताना मात्र बोगदा. आईनं प्रश्न काढला, हा अर्धा धरायचा की पूर्ण? माझं मत अर्धा. बोगद्यात फक्त दिवे दिसतात. आता कशेडीलाही बोगदा झालाय. माझा भाचा म्हणतो, "मावशी, चाळीस मिनिटं वाचतात." वाचलेली ती चाळीस मिनिटं तो मोबाइलवर घालवतो, पण ते असो. आईनं दयाबुद्धीनं खंबाटकी पूर्ण धरला.

पसरणी आणि केळघर हे चौथा-पाचवा, महाबळेश्वरच्या सहलींतले. पसरणीत एका वळणावर खाली वाई आणि धोमचं पाणी दिसतं, तिथं उसाचा रस प्यायले होते. रस म्हणजे पाणी का, याचा निकाल राखून ठेवलाय. वर गेल्यावर मात्र पॉइंट सुरू. टॅक्सीवाल्याकडे छापील यादी, आर्थर सीट, केट्स, एल्फिन्स्टन, सगळे साहेबांचे नातेवाईक. पंधरा मिनिटं पॉइंट, दहा मिनिटं फोटो, पाच मिनिटं मका. सगळे पॉइंट मिळून आता डोक्यात एकच दरी उरलीय, कठडा असलेली. प्रतापगडाकडे उतरणारा आंबेनळी, म्हणजे सहावा, तो मात्र वळणावळणानं आठवतो. तिथं कठडाही कमी होता आणि आमचा ड्रायव्हर एका हातानं तंबाखू मळत होता.

सातवा वरंधा. भोरकडून महाडला उतरताना वाघजाईच्या देवळापाशी भज्यांच्या टपऱ्या आहेत. जुलैचा पाऊस, ढग रस्त्यावर येऊन बसलेले, हातभरावरचं माणूस दिसेना, आणि त्या पांढऱ्या अंधारातून फक्त तळणाचा आवाज येत होता. आम्ही आवाजाच्या दिशेनं गेलो. घाटातला शिष्टाचार मला तिथल्या टपरीवर एका एसटी ड्रायव्हरनं शिकवला: चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, आणि ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. दुसऱ्या वाक्यात मोठं तत्त्वज्ञान आहे असं सोबतच्या मैत्रिणीला वाटलं. ड्रायव्हर म्हणाला, "तत्त्वज्ञान कसलं ताई, ब्रेक तापतात."

ताम्हिणी, माळशेज, आंबोली हे आठ, नऊ, दहा. ताम्हिणीत घरून नेलेल्या बाटलीतलं पाणी प्यायलं होतं, आईला ते पटलेलं नाही. माळशेजला तोंड वर करून पाऊसच प्यायला. आंबोलीबद्दल बोलायला हवं, पण त्या दिवशी तिथं आमच्यासारखेच इतके लोक धबधब्याखाली उभे होते, की मला पाण्यापेक्षा पाठी जास्त दिसल्या.

अकरावा नाणेघाट. हा एकच मी पायी चढलेय, मुरबाडच्या बाजूनं, चाळिशी उलटल्यावर. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नर आणि कल्याण यांच्यामधला माल या वाटेनं जायचा. माथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीचं नाणं त्यात टाकायचे म्हणतात. म्हणजे टोलनाक्याची कटकट सातवाहनांपासूनची. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, कुठल्या यज्ञात किती गाई, किती घोडे, किती कार्षापणं (तेव्हाची नाणी) दान दिली याचा चोख हिशेब. समोरच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता उरलेत नुसते पाय आणि वर नावं. मी धापा टाकत त्या पायांसमोर बसले. माझेही त्या वेळी पायच तेवढे शिल्लक राहिल्यासारखं वाटत होतं. बाजूच्या कातळात खोदलेल्या टाक्यातलं पाणी ओंजळीनं प्यायले. इतकं गार पाणी त्यानंतर प्यायलेलं नाही.

अकरा झाले. बाराव्यासाठी बराच वेळ गेला. शेवटी आठवला कसारा. नाशिकला मावसभावाच्या लग्नाला रात्रीच्या गाडीनं गेले होते. पण घाटभर झोपलेले होते.

"मग नाही धरायचा," मी म्हटलं. "काहीच बघितलं नाही मी."

आईनं चष्मा काढून पुसला. "जाग कुठं आली?"

"इगतपुरीला. घाट संपल्यावर. कुणीतरी खिडकीतून चहा दिला."

"प्यायलीस?"

"हो."

"मग झालं की," आई म्हणाली. "चहात काय दूधच असतं का सगळं?"

दुसऱ्या दिवशी तिनं मला कपाटातून डबी काढून दिली. आत टाचण्या होत्या, मोजून बारा, एक वाकडी. वाकडी कुठं लावायची ते तिनं सांगितलं नाही, आणि नकाशाही आमच्याकडे एकच आहे, एसटीच्या जुन्या वेळापत्रकाच्या मागचा.