मुंबई ते हीथ्रो : खरे तास किती?

आईला इन्सुलिन चालू आहे. ताईकडे लंडनला जायचं ठरल्यावर डॉक्टरांनी एकच काम सांगितलं : "घड्याळात किती वाजतील ते सोडा, दोन इंजेक्शनांमध्ये खरे किती तास जाणार ते काढून आणा."

नेटवर उत्तर तयारच होतं. अंतर सुमारे 7,200 किलोमीटर, वेळ साडेआठ तास. अंतर बरोबर आहे. वेळ मात्र नुसता भागाकार : ताशी नऊशेने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकायचा. जातानाचा आणि येतानाचा वेळ त्यांनी सारखाच दिला होता, तिथेच ते उघडं पडलं.

मग मुलाच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघितला. ताणलेला दोरा भिंतीवरच्या नकाशातल्या सरळ रेघेपेक्षा बराच उत्तरेकडून जातो : पाकिस्तान, इराण, कॉकेशसचे डोंगर, युक्रेन आणि मग पश्चिम युरोप. तेच ते 7,200. पण युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे, आणि पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. आमचं तिकीट भारतीय कंपनीचं. म्हणजे सुरुवातीलाच अरबी समुद्रावरून वळसा. दोऱ्याचा हिशेब कागदावरच राहिला.

शेवटी तिकीटच समोर घेतलं. मुंबईहून दुपारी 1:30, लंडनला संध्याकाळी 6:45. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात, त्यामुळे सव्वापाच तास हा आकडा फसवा. सप्टेंबरात लंडन आपल्यामागे साडेचार तास, ते मिळवले की पावणेदहा. परतीचं नोव्हेंबरातलं : रात्री 9:30 ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी 11:45. सव्वाचौदा तास झाले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, म्हणून इथे वजा करायचे साडेपाच. उरले पावणेनऊ.

वेळापत्रकातला हा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. रनवेपर्यंतची रांग त्यातच आली, आणि हीथ्रोवर उतरायला जागा नसली की आकाशात घिरट्या घालतात तोही अंदाज त्यातच. आम्हीही घातल्या. खाली तीच नदी पुन्हा पुन्हा दिसायला लागली तशी आई म्हणाली, "हा रस्ता चुकलाय."

पावणेदहात मुंबई विमानतळावरचे आधीचे तीन तास आणि उतरल्यावर ताईच्या घरापर्यंतचे दोन मिळवले आणि बेरीज डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी डोसांच्या वेळा चिठ्ठीवर भारतीय वेळेनेच लिहून दिल्या. आईने मनगटावरचं घड्याळ ताईच्या घरी पोचेपर्यंत बदललं नाही.

जाण्यायेण्यातल्या एका तासाचं कारण वारं. तेवढ्या उंचीवर ते पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतं, हिवाळ्यात जास्तच जोरात. जाताना समोरच्या पडद्यावर जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी सव्वाआठशेच्या आसपास घुटमळत होता, येताना हजाराच्या वर गेला. मुंबईत वेळेच्या आधी टेकलो, आणि वाचलेली मिनिटं विमान उभं करायला जागा मिळेपर्यंत आत बसून काढली.