आरओचं पाणी मोरीत नको

आज आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याच्या नळीखाली बादली लावली. पिण्याची कळशी भरेपर्यंत बादली दोनदा काठोकाठ! साध्या घरगुती मशीनमधून 1 लिटर शुद्ध पाण्यामागं साधारण 3 लिटर बाहेर जातं. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आमचं लातूर; मोरीत सोडवतच नाही.

त्यात बोअरचे क्षार एकवटलेले असतात, त्यामुळं प्यायला, स्वयंपाकाला नाही. फरशी पुसायला, संडासात टाकायला मात्र एकदम चालतं. आईनं लगेच पायपुसणी भिजवली. तुळशीला तेवढं घालू दिलं नाही. कुंडीत क्षार साचून मातीवर पांढरा थर येतो, पानांच्या कडा करपतात.

उद्या नळी वाढवून संडासातल्या पिंपात सोडतोय. कुठं दुमडणार नाही एवढं बघायचं.